घरचे कपडे

४ सप्टेंबर

भिंगरी नापास. कॉलेजातला पहिलाच अकाउंटिंगचा विषय, आणि पहिल्याच चाचणीत आपटली. माझीच नात — अक्कल आहे, बूड टिकत नाही.

तिच्या बापानं, म्हणजे आमच्या चिरंजिवांनी, जेवता जेवता फर्मान काढलं. सहामाहीला परत गचकलीस तर कॉलेज बंद. लाँड्रीत काउंटरवर उभी राहा. आईचा खांदा गेलाय, कुणीतरी लागणारच.

माझा खांदा, आणि मलाच विचारलं नाही. पोरगी जेवली नाही.

७ सप्टेंबर

कुठं चुकली ते कळलं. गणितातल्या दुकानदारानं दुकानातला माल घरी नेला. ती म्हणे उचल, मालकाच्या नावावर लिहायची. हिनं लिहिलीच नाही. "घरीच तर नेला, आजी. त्यात काय लिहायचं?"

तिचं तरी काय चुकलं. आमच्या उशांच्या अभ्र्यांपासून बनियनपर्यंत सगळं लाँड्रीत धुतलं जातं. साबण लाँड्रीचा, वीज लाँड्रीची. पावती फाडलेली जन्मात पाहिली नाही.

१३ सप्टेंबर

सर म्हणाले, समजून घ्यायचं तर दुसऱ्याला शिकवा. दुसरं कोण, मी सापडले. माझी शाळा चौथीत सुटली, ही आता इस्त्रीच्या टेबलाशी भरवते.

"आजी, धंदा वेगळा, माणूस वेगळं."

"म्हणजे तुझा बाप आणि त्याची लाँड्री सख्खे नाहीत?"

"ओळखीचे समज."

हसले, तर खांद्यात कळ आली.

२१ सप्टेंबर

तेरीज जुळेना. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या यायला हव्यात, येत नाहीत. पोरगी नखं खात बसलेली.

मी चिरंजिवांच्या शर्टांची पावती फाडली आणि त्यांच्यापुढं ठेवली. "ही तुझी उचल."

"आई, घरच्याकडून पैसे?"

"लाँड्री तुझ्या नुसती ओळखीची आहे," म्हटलं. चिरंजीव लाल. पोरगी मान खाली घालून हसत होती. मग नखं सोडून पेन धरलं.

५ नोव्हेंबर

उद्या पेपर. घरात भांडंसुद्धा वाजत नाही.

६ नोव्हेंबर

"विचारू नकोस," म्हणाली. नाही विचारलं.

२८ नोव्हेंबर

पास! काठावर, पण पास.

चिरंजीव म्हणाले, बरं झालं. आणि त्याच दमात — "पण ती पास झाली म्हणून तुझा खांदा बरा होणार का? सोमवारपासून तिला काउंटरवर पाठव."

बोलला शब्द असा गिळला, जसा काही घोटभर चहा. पोरीचा चेहरा उतरला.

"पगारी बाई ठेव," मी म्हटलं.

"तिचा पगार कुठून आणू?"

"माझा इतकी वर्षं कुठून आणलास?"

"तुझा कसला पगार, आई? तू घरचीच."

भिंगरी बापाकडं बघून हळूच म्हणाली, "त्यात काय लिहायचं, असंच ना, बाबा?"

चिरंजीव ताटावरून उठले.

३० नोव्हेंबर

सोमवार. लाँड्रीची किल्ली चिरंजिवांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि परत जाऊन पडले. भिंगरी कॉलेजला गेली.

दुपारी शेजारीण सांगत आली — तुमच्या लाँड्रीवर पाटी लागलीय. बाई पाहिजे. पगारी.