रखवालदाराची झोप

प्रिय चिमणे,

तुझे तीन ओळींचे पत्र पोचले. तुला अक्षरे गिरवायला शिकवली त्या दिवसापासून आजवर तू मला इतके कोरडे कधी लिहिले नव्हतेस, आणि इतके रास्तही. पहिल्या ओळीत तू म्हणतेस, तुझ्या बाबांचे भूत करून घराघरांत लोक खदाखदा हसत आहेत. दुसरीत, त्याच मालिकेच्या शेवटी सरकणाऱ्या नावांत 'भाषा सल्लागार' म्हणून माझे नाव तुला दिसले. तिसरीत, मी ते काम तत्काळ सोडावे, नाहीतर आपला संबंध संपला असे समजावे. खाली 'तुमची चिमणी' नव्हते. बँकेत करतात तशी पूर्ण सही होती. मी काम सोडलेले नाही. का सोडलेले नाही ते सांगते, मात्र हे पत्र पोथीसारखे क्रमाने वाच. लहानपणी तू प्रत्येक गोष्टीचे शेवटचे पान आधी उघडायचीस आणि सगळे ठीक आहे अशी खात्री करून मग पहिल्याकडे यायचीस, म्हणून मुद्दाम बजावते आहे.

मालिकेची माणसे आपल्या ग्रंथालयात आली ती गेल्या वर्षी. जळलेले आतले दालन पुन्हा बांधले तरी लोक तिकडे फारसे फिरकत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. दूरचित्रवाणीवाल्यांना नेमके तेच आवडले. मला बोलावले ते भुताची भाषा तपासायला. चाळीस वर्षांपूर्वीचा रखवालदार भूत होऊन उठतो आणि 'ओके' म्हणतो! मी त्या जागी 'बरं' घातले आणि त्या एका शब्दावर नोकरी मिळवली. ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्यावर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ही माझी दुसरी नोकरी. सकाळचा नित्यपाठ आटोपला की मी तांबडी पेन्सिल घेऊन वाचनकक्षात खिडकीजवळच्या टेबलाशी बसते आणि भूतपिशाच्चांचे व्याकरण सुधारते.

तू रागावशील, तरी सांगते की तिथे मलाही हसू येत असे. भुताचे काम करणारा नट चांगला गलेलठ्ठ आहे आणि त्याला भुतांची विलक्षण भीती वाटते. प्रत्येक प्रवेशाआधी तो माझ्यासमोर डोके झुकवून म्हणतो, आजी, एखादं स्तोत्र म्हणा ना. मी म्हणते, बाबा रे, स्तोत्र ऐकून भूत पळतं असं मानतोस, मग तू पळालास तर चित्रीकरण कोणाचं करायचं? दिग्दर्शकाला सगळे 'पुन्हा-एकदा' म्हणतात, कारण दिवसभरात त्याच्या तोंडून दुसरे काही निघत नाही. मालिकेतले भूत सदासर्वकाळ झोपलेले असते, हा तिचा मुख्य विनोद. चोर येतो, तरी रखवालदाराचे भूत घोरतच राहते. शेवटी चोरालाच दया येते आणि तो त्याच्या अंगावर पांघरूण घालून जातो. हे दृश्य मी तपासले, चिमणे. त्यातला एक अनुस्वार दुरुस्त केला आणि पान पुढे दिले. इतकी वर्षे मी गप्प राहत आले, तशीच त्या दिवशीही राहिले.

मग ठोके ऐकू येऊ लागले. तुझे बाबा ग्रंथालय बंद करताना काय करीत ते तुला आठवते? घंटा त्यांना आवडत नसे. वाचणारा माणूस दचकतो, म्हणत. दाराशी उभे राहून सहाच्या ठोक्याला ते हातातली काठी फरशीवर तीनदा हलकेच टेकवीत, आणि वाचक एकेक करून उठत. तर ध्वनिमुद्रण करणारा गृहस्थ, जो दिवसभर कानांवर यंत्र लावून बसतो, रोज संध्याकाळी सहाला हात वर करून चित्रीकरण थांबवू लागला. तीन ठोके ऐकू येतात, म्हणे. आधी सुताराला दम दिला. मग चहावाल्याला अंगणाबाहेर हाकलले. मग एक खिडकी वाजते असे ठरवून ती दोरीने आवळून बांधली. ठोके तसेच. भुताचे काम करणारा नट साडेपाचपासूनच माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहू लागला. ध्वनिवाल्याने शेवटी ते यंत्र माझ्या कानांना लावले आणि विचारले, आजी, ऐकू येतंय ना? मी म्हणाले, माझे कान म्हातारे झालेत. हे असत्य होते. मृत्यूविषयी आयुष्यभर वाचलेल्या बाईला मृतांचे भय वाटत नाही. पण ते ठोके मला भीती घालण्यासाठी नव्हतेच. ते मला 'उठा' म्हणत होते.

या मालिकेची कर्ती-करविती म्हणजे तिची लेखिका, तुझ्या थोरल्या मुलीच्या वयाची, घाईघाईने बोलणारी पण अक्षर सुरेख असलेली मुलगी. गावातून गोष्टी गोळा करून ती मालिकेत विणते. तिचा बेत असा, की पन्नास भाग हसवल्यावर शेवटच्या भागात भुताने रडत कबूल करावे: दाराशी स्टुलावर विडी ओढत बसलो, डोळा लागला, आणि माझ्यामुळे ग्रंथालय जळाले. तुझे पत्र यायच्या चार दिवस आधी ती पाने माझ्यापुढे आली. मी भाषा तपासायला बसले. ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, विरामचिन्हे पाहिली. आणि जन्माची सवय बघ, चूक दिसली की माझा हात थांबत नाही. मी 'दाराशी' शब्दावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिले: 'आग आतल्या कोनाड्यातून लागली. रखवालदार विडी ओढत नसे.' पुढचे पान उलटले. मी काय केले हे माझ्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी पान घेऊन आली. पंचनाम्यात, वर्तमानपत्रात, गावातल्या कुणाच्याही तोंडी कोनाडा नाही, म्हणाली. मग हळू आवाजात विचारले, "आजी, हे तुम्हाला कसं माहीत?"

"कारण तिथला दिवा मी लावला होता," मी म्हणाले.

चाळीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाले, आणि ते ऐकायचा पहिला हक्क ज्या व्यक्तीचा होता ती तिथे नव्हती. म्हणून आता तुला सगळे जसे घडले तसे सांगते.

हस्तलिखितांच्या कपाटांमध्ये एक कोनाडा होता. तिथे मी रोज दिवा लावीत असे. मूर्ती नव्हती, ग्रंथांनाच नमस्कार. तुझे बाबा दोनदा म्हणाले होते, बाई, कागदाशेजारी ज्योत बरी नव्हे. मी त्यांना श्रद्धेविषयी चार उपदेश ऐकवले होते. त्या संध्याकाळी तुला ताप होता. सहाला त्यांनी तीनदा काठी टेकवली. मी एका जुन्या भाष्यात बुडाले होते, मान वर न करता म्हणाले, तुम्ही घरी जा, पोरीजवळ बसा, मी दिवा मालवून कुलूप लावते. ते गेले, कारण मी पाठवले. मी आणखी तासभर वाचत बसले, कुलूप लावले, आणि वाटेने त्या भाष्यातल्या एका शब्दाचा अर्थ लावीत घरी गेले. दिवा तसाच राहिला. ज्ञानापुढे लावलेल्या त्या दिव्याने माझ्या आधी होऊन गेलेल्या किती पिढ्यांचे ज्ञान खाल्ले, ते तू पाहिले आहेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी समिती बसण्याआधी ते माझ्या दारात उभे होते. अंगाला धुराचा वास. आग विझवायलाही तेच सर्वांत पुढे होते. म्हणाले, "बाई, तुमची नोकरी गेली, तर माझ्या पोरीला शिकवणार कोण? मी सांगतो, माझा डोळा लागला." मी नको म्हणायला हवे होते. मी दाराची चौकट धरून नुसती उभी राहिले, आणि माझे मौन त्यांनी होकार म्हणून घेतले. तो होकारच होता. जो माणूस कामावर असताना कधी भिंतीला पाठसुद्धा टेकवीत नसे, त्याने समितीपुढे आपण झोपलो होतो असे सांगितले. विडी नंतर लोकांनी त्यांच्या बोटांत दिली. पुढची सहा वर्षे त्यांनी बाजारात ओझी वाहिली, मुले त्यांच्यामागे घोरण्याचे आवाज काढीत चालली, आणि ते गेले. मालिकेतला तो सगळा विनोद, चिमणे, त्यांनी माझ्यासाठी बोललेल्या एका खोट्या वाक्यातून निघाला आहे.

तू प्रत्येक पत्रात लिहीत आलीस की बाईंनी शिकवले म्हणून मी प्राध्यापक झाले. खरे असे आहे, की तुझ्या बाबांनी स्वतःचे नाव देऊन तुझे शिक्षण विकत घेतले आणि मी फक्त रोज संध्याकाळी तुला धडे दिले. तुझ्या कृतज्ञतेवर माझा काडीचाही अधिकार नव्हता, तरी मी ती घेत राहिले. मनाशी प्रायश्चित्ते केली. उपास केले, जप केला, कोनाड्यात पुन्हा ज्योत लावली नाही. जुन्या शास्त्रकारांनी पापाचा उघड उच्चारही सांगितला आहे, तेवढे मात्र मी हुशारीने वगळले. अवघड श्लोक गाळून पाठ म्हणणारा विद्यार्थी मी कधी खपवून घेतला नाही. स्वतःला मात्र चाळीस वर्षे खपवून घेतले.

आता मी काय केले ते ऐक. सोमवारी मी ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळापुढे उभी राहिले आणि सहीनिशी लिहिलेले निवेदन मोठ्याने वाचले. अध्यक्ष, म्हणजे जुन्या औषधवाल्यांचा धाकटा, कुजबुजला की बाई, आता कशाला, तुमचंच नाव खराब होईल. मी म्हटले, इतिवृत्तात लिहून घ्या, आणि लिहून होईपर्यंत बसले नाही. प्रवेशद्वारावरच्या फलकावर सेवकांच्या नावांत तुझ्या बाबांचे नाव खोडलेले होते. ते पुन्हा लिहायला रंगारी येऊन गेला. ते आता माझ्या नावाच्या वर आहे. तुझी परवानगी यासाठी मी मागितली नाही, मागणारही नाही. खोटे पुसायला कुणाची परवानगी लागत नाही. गावात दोघीतिघी मला पाहून रस्ता ओलांडतात. त्यांचे बरोबर आहे, आणि मी चांगली ताठ चालते.

परंतु मालिकेचा शेवट ही निराळी गोष्ट आहे, आणि हे पत्र त्यासाठी लिहिले आहे. लेखिकेने शेवटचा भाग नव्याने लिहिला आहे. त्यात म्हातारी ग्रंथपाल रिकाम्या स्टुलासमोर उभी राहते आणि जे झाले ते सांगते. लठ्ठ नट स्वतःहून म्हणाला, आजी, या प्रवेशात मी नको, त्या माणसाला आता जागा द्या. ग्रंथपालाचे काम मी स्वतः करणार आहे. पुन्हा-एकदाला बजावले आहे की हे एकदाच होईल. पण लाखो लोकांनी ऐकण्याआधी तू ऐकावेस, आणि तुझ्या बाबांविषयी शेवटचा शब्द माझा नसावा. म्हणून ती अकरा पाने सोबत पाठवते आहे, आणि त्यांच्यासोबत माझी तांबडी पेन्सिल. जे खोटे वाटेल ते खोड. माझी बाजू सावरली गेली आहे असे जिथे दिसेल, तिथे मुळीच दया करू नकोस. सगळी पाने खोडून पाठवलीस तर भाग होणार नाही, तसे मी दिग्दर्शकाकडून लिहून घेतले आहे. आणि तू स्वतः आलीस, तर ते स्टूल दाराशीच आहे. मी वाचनकक्षात बसून हे लिहिते आहे. सहा वाजले, आणि आत्ताच पहिला ठोका पडला. उरलेले दोन पडायच्या आत मी उठते आहे.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
बाई