काळ्या पट्टीखालचे डोळे

सोमवार, २ मार्च
आज अकराशे माना पाहिल्या. हो, माना! चेहरा मशीन पाहतं. मशीनला खात्री वाटली नाही की क्लिप आमच्याकडे येते – सहा सेकंदांची, आवाज नाही, डोळ्यांवर काळी पट्टी. कुणी कुणाला ओळखू नये म्हणून कायद्यातच तसं आहे. सोशल मीडियाच्या आत शिरायला बघणारा माणूस सज्ञान आहे की पोर, एवढंच आम्ही सांगायचं. हिरवं बटण किंवा लाल.

आता आणखी चार देशांत हा कायदा झाला. कुठे सोळा, कुठे अठरा, एके ठिकाणी पंधरा! कोपऱ्यात फक्त तो आकडा दिसतो, माणूस कुठला ते कळत नाही. कळून करायचंय काय? माना सगळीकडच्या सारख्याच.

खुर्चीचं चाक अजून दुरुस्त केलेलं नाही. दिवसभर डावीकडे कलून माझीच मान गेली.

बुधवार, ४ मार्च
जेवताना बबडीने विचारलं, "आई, डोळे न बघता तुला वय कळतं कसं?" चौदा वर्षांची पोरगी आईच्या कामाबद्दल आपणहून विचारते म्हटल्यावर मला काय, चेवच चढला! सगळं सांगितलं. मेकअपला मी भुलत नाही. पोरं श्वास रोखून बसतात, खांदे ताठ, हनुवटी वर. आता पकडतात की काय, असं सगळं अंग बोलत असतं. मोठी माणसं कंटाळलेली असतात. त्यांना वाटतं, हे काय नसतं लचांड! तो कंटाळा दिसला की मी हिरवं दाबते.

बबडीने लगेच माझी नक्कल केली. मान डावीकडे मोडली, नाकाने उसासा टाकला, खांदे पाडले. हे पोट धरून हसले. "हुबेहूब तुझी आई!"

मलाही हसू आलं. मी खरंच अशी दिसते?

सोमवार, ९ मार्च
कालपासून क्लिप दुप्पट झाल्यात. दोन तास एकामागून एक पोरंच – आईचे झुमके घातलेली, मिशी रंगवलेली. लाल, लाल, लाल. मग एक बाई आली. बंद गळ्याचा स्वेटर, गळा अर्धा झाकलेला, पण कंटाळा बघावा तर असा! कडकन मान मोडली, उसासा टाकला. अगदी माझ्याच जातीची, दिवसभर खुर्चीत पिचलेली. जीव हलका झाला. क्लिप पूर्ण होऊसुद्धा दिली नाही, हिरवं दाबलं.

गुरुवार, १२ मार्च
सगळ्यात कमी चुका माझ्या! सुपरवायझर बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. सोमवारपासून मला तक्रारींच्या टेबलावर बसवणार. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "आता काय बुवा, मोठी माणसं!" जळतोय मेला.

बबडीला सांगितलं तर नुसतं "हं." फोन उपडा ठेवलेला, ताट तसंच. काय झालं विचारलं तर "काही नाही." या वयात सगळ्यांनाच 'काही नाही' होतं.

सोमवार, १६ मार्च
तक्रारींचं टेबल म्हणजे वेगळीच तऱ्हा. इथे लोक उलटं सांगतात – मी मोठी नाही हो, मी लहान आहे! कारण काय, तर लहान मुलाच्या तक्रारीकडे त्याच दिवशी बघावं लागतं. मोठ्यांची पडून राहते तीन महिने. म्हणून चाळीस चाळीस वर्षांचे बाप्ये पोर होऊन रडतात.

प्रत्येक अर्जाची पहिली ओळ दिसते. पूर्ण वाचायचा तर 'पुढे वाचा' दाबावं लागतं, आणि तो वेळ आपल्या नावावर चढतो. बाईंनी जाता जाता सांगितलं, "खातं एकदा तपासनिसाने पास केलेलं असेल, तर विचार करत बसू नका. आपल्याच माणसावर विश्वास ठेवायचा."

मंगळवार, १७ मार्च
बबडी स्वयंपाकघराच्या दारात कितीतरी वेळ उभी होती. मग म्हणाली, "आई, कुणी आधी खोटं बोललं आणि नंतर खरं सांगितलं, तर तुमचे लोक ऐकतात?"
"ऐकतात की. खरं असलं तर आम्हाला दिसतंच."
"नक्की?"
"अगं, आईचं कामच आहे ते!"
ती आत गेली. बरं वाटलं, आजकाल बोलते तरी.

बुधवार, १८ मार्च
दोनशे बारा तक्रारी निकालात. एक अर्ज डोक्यात राहिलाय, का कोण जाणे. 'मी खोटं करून आत आले. मी चौदा वर्षांची आहे.' किती साधं लिहिलेलं! पण खातं पास झालेलं होतं, तेही आमच्याच मजल्यावरून. 'पुढे वाचा'वर बोट गेलं होतं. स्क्रीनवरचं वेळ मोजणारं घड्याळ लाल झालं. नामंजूर केला.

गुरुवार, १९ मार्च
बबडी शाळेत गेली नाही. पोट दुखतंय म्हणाली.

शुक्रवार, २० मार्च
"आई, उद्या सुट्टी घे ना."
उद्या! नवीन टेबल, पहिलाच शनिवार, आणि सुट्टी? जरा चिडूनच बोलले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. लहानपणी ठेवायची तसं. मला उठायचं होतं, भांडी पडली होती.

शनिवार, २१ मार्च
बबडी दुपारपासून घरात नाही. फोन तिच्या उशीखाली होता. त्यात नकाराचं पत्र उघडंच – तपासनीस क्रमांक ३१. माझा क्रमांक. खाली तिचा पूर्ण अर्ज.

'मी खोटं करून आत आले. मी चौदा वर्षांची आहे. इथला एक माणूस मला घाबरवतो. माझे फोटो त्याच्याकडे आहेत. शनिवारी फोन घरी ठेवून ये म्हणतो. त्याला थांबवा. आईला कळवू नका, ती तुमच्याकडेच आहे, मी तिची नक्कल करून पास झाले, तिची नोकरी जाईल.'

हे पोलिसांकडे धावलेत. ती परतली तर कुणीतरी हवं, म्हणून मी घरात. ऑफिसला फोन लावला, त्या माणसाचं नाव द्या म्हणून ओरडले. चष्मेवाल्याने उचलला होता. आवाज ओळखला त्याने माझा. स्क्रीनवरचं तसंच वाचून दाखवलं – "खातं सज्ञान व्यक्तीचं आहे, मॅडम. माहिती देता येत नाही."