मेंढ्याच्या कानाची खूण

मु. बेलवाडी, कृष्णाकाठ
ता. १८ नोव्हेंबर १९४७

श्री. बिराप्पा, मु. कवठे महांकाळ, यांस लालासाहेबाचा रामराम.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची, तानुबाईंची आणि मेंढरांची खुशाली कळवा. दिवाळी बरी झाली. ऊस जोरात आहे. खालचं रान मात्र मोकळंच ठेवलंय. दरसाल या दिवसांत तिथं तुमची मेंढरं बसायची आणि त्या खतावर पीक असं यायचं की बघत राहावं. तीन वर्षं नुसतं शेणखत घालतोय. रान रुसलंय, असं आमची चंद्राबाई म्हणते.

तुमचा मेंढा माझ्याकडे आहे. होय, तोच. म्हातारा झालाय, पण चंद्राबाईला मागून ढुशी द्यायची खोड काही गेली नाही.

पलटणीत हवालदार होतो तेव्हा दोन शब्दांत रिपोर्ट द्यायचो. या रिपोर्टाला तीन वर्षं लागली.

चव्वेचाळीस साली सरकारी कोर्टाची पायरी सोडून आम्ही गावातच, देवळात, न्याय करू लागलो. मी पंचांत होतो. आमच्या गावच्या गुंडा धनगराचा मेंढा हरवला आणि तुमच्या कळपात तसाच एक दिसला. उजव्या कानाला खालून खाच, दोघांचीही खूण तीच. तुम्ही म्हणालात, "आवं, सोडून बगा त्येला. आपला कळप त्यो वळखंल." देवळात तमाशा नको म्हणून मी ऐकलं नाही. मेंढा गुंडाला दिला, तुम्हाला चोर म्हटलं आणि गावबंदी केली.

आठच दिवसांत गुंडाचा मेंढा ओढ्याच्या कपारीत मेलेला सापडला. गळ्यात त्याचीच घंटा होती. गुंडा रडत माझ्याकडे आला. मीच त्याला म्हणालो, "गप बस. आपला न्याय नवा हाय. पयल्याच साली चुकला म्हणलं तर कोण इचारंल?" तुमचा मेंढा माझ्या गोठ्यात आणून बांधला. न्यायाची अब्रू राखतोय असं मनाला सांगत होतो, पण राखत होतो ती माझीच.

परवा देवळात नवे पंच नेमताना लोकांनी पुन्हा माझं नाव घेतलं. मी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. म्हातारा धुळा म्हणाला, "लालासाहेब, मेंढा तुमच्या गोठ्यात कशापायी, येवढं कळत न्हाई व्हय आमाला? तुमी कवा सांगताय त्येचीच वाट बघत हुतो." सगळं देऊळ हसलं. मीही हसलो. लाज वाटली, पण त्या दिवशी भाकरी लय गोड लागली. पंच म्हणून धुळाला नेमलं आणि गावबंदी उठवली.

पुढच्या सोमवारी मेंढा घेऊन मी स्वतः येतो. शिक्षा तुम्ही सांगायची. त्यानंतर आमच्या रानात पुन्हा मेंढरं बसवायची की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणून पत्र तुमच्या गावच्या मास्तरांकडे धाडतोय. मास्तर, हे घरात वाचू नका. बाजाराच्या दिवशी चावडीपुढं वाचा. मी त्यांना चोर म्हटलं तेही चारचौघांतच. कोणी उशिरा आलं, तर एवढी एक ओळ पुन्हा वाचा:

मेंढा बिराप्पाचाच होता.

त्यांचा अपराधी,
लालासाहेब