बोईचे डोळे

५ नोव्हेंबर १९५७, अर्नाळा
पोहोचलो! समोर किल्ला, खाली वाळू आणि गावभर सुकत्या मासळीचा वास. प्रयोगशाळेत वरिष्ठांमागे गोंडा घोळणाऱ्या दीडशहाण्यांपेक्षा हा वास बरा. मुक्काम इनेझबाईकडे, रांधतेही तीच. खाडीतली जिवंत बोई मासळी रोज दारात येते. माशाच्या डोळ्यातल्या पडद्यात एक पेशी शेजारणीचं तोंड बंद करते, म्हणून त्याला काळोख काळोखासारखा दिसतो आणि वस्तूंना कडा दिसतात, असा माझा दावा आहे. डोहातले मासे भुलवायला काकमारीचं बी टाकतात ना, त्याच्या विषाने हे गप्प करणारं रसायन अडवायचं. वरिष्ठ हसले होते. हसोत बापडे.

९ नोव्हेंबर
विष टोचलेल्या बोईचे डोळे काढून एक यंत्राला जोडला. दिवा विझवला तरी काटा उसळतच राहिला! डोळ्याला काळोख झाल्याचा पत्ताच नाही. उरलेला मासा मोरीत ठेवतो, बाई टाकून देते. हे काय चाललंय, असं तिने विचारलं. तिला काय डोंबल कळणार? उत्तर दिलं नाही. कालवण मात्र झकास करते.

१४ नोव्हेंबर
खिडकी लावली तरी तिचा चौकोन भिंतीवर लखलखतोच. बाईच्या मते मला दृष्ट लागली. मीठ-मिरच्या घेऊन ओवाळायला आली. अडाणीपणालाही काही सीमा! हाकलली.

१६ नोव्हेंबर
डोळे मिटले तरी उजेड. बाईचा चेहरा कुठे संपतो, भिंत कुठे सुरू होते, कळत नाही. अगदी माझ्या बोईसारखं. भीती वाटते. पण विषाला मी हातमोज्यांशिवाय शिवतही नाही!

१७ नोव्हेंबर
मोरीतले मासे कुठे टाकते, ते विचारलं. बाई दुखावली. म्हणाली, “मासली कोन टाकते, सायेब? डोले नाय म्हनून काय झाला?”
रोज तेच कालवण. मला.

दुपार
बाईला विषाचं सांगायच्या आतच झटके — जबडा उघडत नाही. मी परतवलेलं ताट बाईने पुढ्यात ओढलंय — हातवारे केले, ती हसते — मोठ्या अक्षरांत लिहून धरलं — तिला वाचता येत नाही — ताट ओढू गेलो, हात भलतीकडेच — सगळा नुसता उजेड — बोल ना, तोंडा, बोल — घास उचलला — इनेझ, न