यंदा चर्च ठरवायचं

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ११.१०
यंदा संकल्प एकच. चर्च ठरवायचं. उज्जैनला येऊन अकरा महिने झाले आणि नगरच्या पाळकसाहेबांनी दिलेलं सभासद बदलीचं पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे. 'आमचे सभासद श्री. प्रभाकर साळवे, सौ. विजया व कु. सायली यांस आपल्या मंडळीत सामावून घ्यावे.' आमच्यात अशीच पद्धत आहे. गाव बदललं की पत्र नव्या चर्चमध्ये नेऊन द्यायचं. देईपर्यंत माणूस ना तिथल्या वहीत, ना इथल्या.
माझी चूक नाही. रोज साडेसातला देवास गेटवरून इंदूरची बस, मग बँक, परत यायला रात्रीचे आठ. रविवार एकच मिळतो. आणि सातव्या दिवशी देवानेसुद्धा विश्रांती घेतली होती.
आज गेलो नाही. आधी अभ्यास हवा. एक्सेल शीट उघडली. अंतर, पार्किंग, प्रवचनाची लांबी, बाकांना पाठ आहे की नाही.

सायंकाळी ५.२०
आईचा फोन. दर रविवारी पाचला असतोच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नगरच्या चर्चच्या अकरा पायऱ्या तिला चढवत नाहीत. म्हणून विचारते, आज तुझ्या चर्चमध्ये वचन कोणतं होतं? मी सांगतो ते बायबलमध्ये काढून वाचत बसते. म्हणजे म्हणे तुझ्याबरोबर उपासना झाल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, तेविसावं स्तोत्र. ती म्हणाली, मागच्या दोन रविवारी पण तेच होतं ना रे? म्हटलं, सिरीज चालू आहे.
फोन ठेवल्यावर पोहे गेले नाहीत. (नंतर गेले.)

१२ जानेवारी, रविवार
थंडी.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी ३
गेलो! एकटाच गेलो, पाहणीसाठी. घरापासून बारा मिनिटांवरचं हिंदी चर्च. पोचायला वीस मिनिटं उशीर झाला म्हणून मागच्या बाकावर बसलो. लोक चांगले. शेवटी पादरीसाहेब म्हणाले, जो नए आए हैं, खड़े होकर परिचय दें. सगळ्यांच्या माना वळल्या. आता अकरा महिने इथे राहतो आणि आज उगवलो, हे कोणत्या तोंडाने सांगणार? तोंडातून निघून गेलं, मैं नगर से आया हूँ, आज ही वापसी है.
इथून पुढचं माझ्या हातात नव्हतं. मसीहसाहेब म्हणून एक रिटायर्ड रेल्वेवाले आहेत, सत्तरीचे, तिथले सेक्रेटरी. ते हटूनच बसले. अरे भाईसाहब, मेहमान को ऐसे थोड़ी जाने देंगे. चहा, समोसा, वर प्रवासाला म्हणून पुऱ्यांचा डबा. मग स्कूटरवरून देवास गेट. इंदूरच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला बजावलं की इनको नगर जाना है, इंदौर में सही बस में बिठा देना, आणि बस हलेपर्यंत हात हलवत उभे राहिले.
गावातल्याच नानाखेडा स्टॉपला उतरू लागलो तर कंडक्टरने उतरू दिलं नाही. अंकलजी, आपका इंदौर है. शेवटी अर्ध्या वाटेवर सांवेरला पोटात दुखतंय म्हणून उतरलो आणि उलट दिशेच्या बसने परत आलो. विजया विचारत होती, पाहणी एवढी लांबली? पुऱ्या सायलीला दिल्या. छान होत्या. मला एकही गिळवली नाही.
निष्कर्ष: चर्च उत्तम. पण आता तिथे जाता येणार नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
केरळी बांधवांचं चर्च. दीड तास सगळं मल्याळममध्ये. मला फक्त 'आमेन' कळलं आणि तेही मी चुकीच्या जागी म्हटलं. शीटमध्ये नोंद: भक्ती दहापैकी दहा, आकलन शून्य.
आईला सांगितलं, आज प्रवचन फार खोल होतं.

९ फेब्रुवारी, रविवार
एका हॉलमध्ये सभा असते, ड्रमसेट वगैरे. तास-तासभर उभं राहून गातात. मी बसून राहिलो. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा गुडघा दुखतो म्हटलं. (आईचाच गुडघा डोक्यात असणार.) त्यांनी ते पुढे सांगितलं. मला पुढे नेलं, साठ-सत्तर माणसांनी डोळे मिटून माझ्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. काही तर रडली. मग हॉलभर चालून दाखवायला लागलं. टाळ्या पडल्या.
घरी आल्यापासून गुडघा खरंच दुखतोय.

१६ फेब्रुवारी, रविवार. सायं. ५.४०
गुडघ्यामुळे गेलो नाही. हे कारण तरी खरं आहे.
आईने वचन विचारलं. बेसावध होतो, क्रिकेट चालू होतं. म्हटलं, स्तोत्र एकशे त्रेपन्न. ती म्हणाली, बरं, वाचते.

रात्री ९
सायलीने जेवताना सांगितलं, बाबा, स्तोत्रं दीडशेच आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार
आईने एकशे त्रेपन्नचा विषयही काढला नाही. विसरली. वयोमानाप्रमाणे होतं. हायसं वाटलं. विजयाला तसं म्हटलं तर ती म्हणाली, त्यांनी एकतीस वर्षं संडे स्कूल चालवलंय, त्या विसरतील होय?
मग बोलल्या का नाहीत, असं मी विचारलं. विजया कणीक मळत राहिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र
शहरभर बॅरिकेड. आज मधल्या वारी जाऊन पादरीसाहेबांना एकट्याला गाठून पत्र द्यायचं असं पक्कं ठरवलं होतं. रस्तेच बंद म्हटल्यावर काय करणार. शेजारचे गोपाळराव मुजुमदार म्हणाले, साळवेसाहेब, आपल्या बाजूचा रस्ता तर खुल्ला आहे, मी आत्ताच चर्चवरूनच आलो.
गोपाळराव सहा पिढ्यांचे उज्जैनकर. त्यांना रस्ते माहीत असणारच.

९ मार्च, रविवार. सायं. ५.३०
आई येतेय. ईस्टरला. माझी बहीण श्रुती घेऊन येणार आहे, चौदा तासांचा प्रवास करून. म्हणाली, वर्ष झालं चर्चमध्ये बसून प्रभुभोजन घेतलेलं नाही. पाळकसाहेब घरी येऊन देतात, पण पलंगावर बसून घेणं वेगळं. तुमच्या चर्चला पायऱ्या नाहीत म्हणालास ना? मग तुमच्या बाकावर, तुमच्या मध्ये बसून घेईन. एवढं झालं की मला काही नको.
मी म्हटलं, हो, ये ना. आवाज अगदी नॉर्मल होता.
सहा आठवडे आहेत. भरपूर. विनापायऱ्यांचं चर्च एकच, ते मसीहसाहेबांचं. सरळ जायचं, खरं सांगायचं, पत्र द्यायचं. पाच मिनिटांचं काम.

१६ मार्च, रविवार
होळीच्या रंगाने कान अजून हिरवा आहे. अशा कानाने पत्र द्यायला जाणं बरं दिसत नाही.

२३ मार्च, रविवार
चर्चच्या गेटपर्यंत गेलो. पत्र खिशात. गेटावर मसीहसाहेब लोकांना हात जोडून 'जय मसीह की' म्हणत होते. सरळ पुढे चालत गेलो. पुढे जिलबी घेतली.

६ एप्रिल, रविवार. दुपारी १
ड्रॉवरमध्ये पत्र नाही. सगळं घर शोधलं. विजया आणि सायली बाराला आल्या, नीटनेटक्या साड्या-ड्रेसमध्ये. विजयाने सांगितलं, मी पत्र देऊन आले. त्यांनी आम्हा दोघींना पुढे बोलावून वहीत नावं लिहिली, सगळ्यांनी हात मिळवले. तुमची जागा रिकामी ठेवलीय. तुम्हाला स्वतः उभं राहून सही करावी लागेल.
मी म्हटलं, मी जाणारच होतो, एवढी घाई कशाला?
मग ती म्हणाली, पादरीसाहेबांनी विचारलं, भाईसाहब कहाँ हैं? मी म्हटलं, बाहेरगावी गेलेत. सभासद व्हायच्या दिवशी, वेदीपुढे उभी राहून, तुमच्यासाठी खोटं बोलले.
त्यानंतर ती बोललेली नाही. मला फार लाज वाटते आहे. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण तिला सांगायला गेलो तर तिसरंच काहीतरी बोलेन.

१३ एप्रिल, रविवार. झावळ्यांचा रविवार
आज गेलो असतो तर गर्दीत सही करावी लागली असती. थेट ईस्टरला आईसह जाणं जास्त शोभेल. सही तेव्हाच, आईच्या देखत. तिलाही आनंद.

२० एप्रिल, ईस्टर. दुपारी ४
सगळं लिहितो.
साडेआठलाच निघालो. श्रुती प्रवासाने थकून घरीच राहिली. आई नव्या पांढऱ्या पातळात. गेटावर मसीहसाहेब. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. अरे भाईसाहब! फिर आ गए नगर से? इस बार तो ईस्टर करके ही जाना! विजया जमिनीकडे बघत होती. सायली आभाळाकडे. मी तोंड उघडलं, पण आईच पुढे झाली आणि हात जोडून म्हणाली, हाँ जी, हम लोग नगर के ही हैं.
त्यांनी आम्हाला पाहुण्यांच्या बाकावर बसवलं. विजया-सायलीला मात्र त्यांच्या जागेवर नेलं. मी आणि आई, दोघंच.
मला आईच्या कानात सांगायचं होतं. गाणं चालू होतं म्हणून थांबलो. मग प्रार्थना होती म्हणून थांबलो. मग भाकर आणि द्राक्षरसाचे ट्रे आले. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा घ्यायची असते. मी प्रामाणिकपणे घेतली. नापास. ट्रे आला तसा आईकडे सरकवला.
आईने माझ्याकडे पाहिलं. ट्रे हातात धरला, थोडा वेळ. आणि काही न घेता पुढच्या माणसाला दिला.
परत येताना रिक्षात मी विचारलं, आई, तू का नाही घेतलंस? एवढ्यासाठी तर आलीस. म्हणाली, तू घेतलं नाहीस. तुला उपाशी ठेवून मी कधी जेवलेय का?
सही राहिली. गर्दी फार होती.

२२ एप्रिल, मंगळवार
आई गेली. स्टेशनवर माझ्या केसांवरून हात फिरवला. काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं.

२७ एप्रिल, रविवार
प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. म्हणजे ४ मे. एक आठवडा हातात आहे. शर्ट इस्त्रीला दिला.

३ मे, शनिवार. रात्री ११
उद्या. नक्की. गजर साडेसहाचा. मसीहसाहेबांशी काय बोलायचं तेही पाठ केलं आहे: अंकल, मैं मेहमान नहीं हूँ, माधव नगर में रहता हूँ. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर आलं.

४ मे, रविवार. सकाळी १०.५०
गजर शनिवारपर्यंतचाच लावलेला होता, बँकेच्या दिवसांचा. उठलो तेव्हा घरात कोणी नव्हतं. शर्ट हँगरवर. त्यांनी मला उठवलं नाही.

सायं. ५.१०
आज मीच आधी फोन केला. श्रुतीने उचलला. म्हणाली, सकाळी पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन आले होते, आईने चहा पाजून परत पाठवलं. म्हणे, माझा मुलगा घेईल तेव्हा मी घेईन.
आई फोनवर आली. विचारलं, घेतलंस का? मी म्हटलं, नाही. झोपलो होतो.
एवढ्या महिन्यांत तिला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. मला वाटलं होतं की काहीतरी हलकं वाटेल. मी म्हटलं, आई, असं करू नकोस, तू घे ना. तू एकोणऐंशीची आहेस. ती म्हणाली, माझी काळजी करू नकोस, मला सवड आहे. पुढचं एक जूनला ना? रविवारी किती वाजता उठायला हवं तुला, सांग. मी फोन करून उठवत जाईन.
मी बावन्न वर्षांचा आहे. बँकेत माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत.
सात वाजता कर, म्हणून सांगितलं.