शाब्बास म्हणेपर्यंत

धार
ता. १२ डिसेंबर १९८२, रविवार

रा. रा. कृष्णराव यांस,
गणोजीचा रामराम.

उत्तराला फार उशीर झाला, माफी असावी. तुमचं कार्ड दसऱ्याच्या आधी आलं आणि आता दिवाळी होऊनही महिना होत आला. मध्यंतरी माझा डावा गुडघा सुजला, मग सूनबाई शशिकलाला ताप आला, मग पोस्टात पाकिटं संपली. ही कारणं सगळी खरी आहेत. पण चार वेळा कागद पुढे घेतला आणि चारही वेळा रागाने फाडला, हेही खरं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर लावून घ्या.

तुम्हाला 'तुम्ही' लिहितो आहे ते मुद्दाम. भैयासाहेबांच्या तालमीत आपण एकाच दिवशी लंगोट बांधला, त्याला पंचावन्न वर्षं झाली. एवढ्या वर्षांत असं लिहायची वेळ आली नव्हती. ती तुम्ही आणलीत.

इंदूवहिनींचा खोकला थांबला का? ज्येष्ठमध द्या. आमच्याकडे बाकी ठीक.

आता तुमच्या कार्डाबद्दल. त्यावर दोन ओळी. "गण्या, तब्येतीला जप. मार्तंडला वजन उचलणं सोडू देऊ नकोस." बस, एवढंच! ज्या माणसाने तुमच्याविरुद्ध संघटनेकडे तक्रार केली, ज्याच्यापायी तुमचं नाव पंचांच्या यादीतून काढून ठेवलं, त्याला तुम्ही तब्येतीला जप म्हणून लिहिता? मला काय समजलात? एक शिवी लिहिली असती तर मला जेवण गेलं असतं.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी देवासला वजन उचलण्याच्या स्पर्धेत आमचं जे झालं ते मी विसरलेलो नाही. पहाटेची बस धरली, इंदूरला बदलली, आणि आठ वाजता येऊन पाहतो तर हॉलला कुलूप. मग वजन करून घ्यायला पोरांना दोन तास उपाशी उभं केलं. नाव पुकारणाऱ्याने माझ्या पठ्ठ्याचं, मार्तंडचं, तीनदा 'मार्कंडे' केलं. तुमच्या देवासची ती आरसे लावलेली जिम, तिच्या पोरांना अंगाला चिकटणारे कपडे आणि रुंद चामडी पट्टे. आमच्या मार्तंडच्या कमरेला घोड्याचं खोगीर आवळायच्या तंगाचा पट्टा, मी स्वतः शिवलेला. त्यावर त्यांतला एक जण म्हणतो, "क्यों भिया, घोड़ा बाहर बांध के आया क्या?" मार्तंड हसून म्हणाला, "घोड़ा मैं ही हूँ भिया, तांगा तू ले आ." पोर असं आहे. डेपोत बसच्या टायरी काढून काढून हात दगडाचे झालेत, पण तोंडात कडवट शब्द नाही. तुम्ही टेबलाशी बसला होतात, तुम्हीही हसलात. मी पाहिलं.

वजन घेऊन मारायच्या बैठकीत आणि बेंचवर तुमच्या जिमचा रत्नाकर पुढे होता. शेवटी राहिली डेडलिफ्ट. तुम्ही लोकांनी नाव इंग्रजी दिलंत म्हणून ती नवी झाली काय? जमिनीवरचं वजन उचलून सरळ उभं राहायचं, हे धारेत आम्ही ट्रकच्या आसाला लोखंडी चाकं ठोकून करत आलो. आस माझ्या लोहारभट्टीतला, चाकं माझ्या भट्टीतली. मार्तंडला शेवटची एक पाळी होती आणि जिंकायला दोनशे वीस किलो लागत होते. एवढं वजन आमच्या तालमीत आजवर कुणी उचललेलं नव्हतं.

त्याने उचललं. गुडघे सरळ झाले, खांदे मागे गेले. हॉलमध्ये "वा भिया, वा भिया" सुरू झालं. तो नेहमीप्रमाणे छताकडे बघत उभा. आणि तुम्ही, मुख्य पंच, हात वर धरून बसलात. हात खाली करून 'डाऊन' म्हटल्याशिवाय वजन खाली ठेवायचं नाही, हा नियम. मी मोजत होतो. एक. दोन. मांडी थरथरायला लागली. तीन. दुसरा कुणी पंच असता तर त्याने केव्हाच सोडलं असतं. तुम्ही सोडलं नाही. मग बार खाली गेला आणि तुमचा हात वरच. तिन्ही पंचांचे झेंडे लाल, उचल बाद.

पहिला आला देवासचा, पंच देवासचा. माणसाने काय समजावं? मी तक्रारीत तेच लिहिलं, की पंचाने जाणूनबुजून उशीर केला. तालमीतल्या चार जणांच्या सह्या घेतल्या. रजिस्टर पोस्टाने पाठवलं.

तुम्हाला उशीर का लागतो हे मला ठाऊक असताना पाठवलं.

भैयासाहेबांची रीत तुम्ही विसरला नाहीत, मीही नाही. वजन कितीही उचला, ते खाली ठेवायचं उस्तादांनी "शाब्बास" म्हटल्यावरच. आणि त्यांचं शाब्बास किती महाग! ती दगडी नाल खांद्यावर घेऊन तू उभा होतास आणि तेवढ्यात दारात भाजीवाली आली. भैयासाहेब वांगी निवडायला गेले ते तिच्या नवऱ्याच्या दम्यावर औषध सांगत बसले. मी माझी नाल केव्हाच टाकली होती. तुझे डोळे पांढरे व्हायला आले तरी तू उभा. ते परत आले आणि म्हणाले, "अरे कृष्णा, तू अजून इथेच?" तरी तू ठेवली नाहीस. शाब्बास ऐकलंस आणि मग ठेवलीस.

बघ, 'तू' लिहून गेलो. आता खोडत नाही. कागद खराब होईल.

तर तो हात वर धरून ठेवणं हे देवासचं कपट नव्हतं, ती भैयासाहेबांची शिस्त होती. हे मला त्या दिवशी, हॉलमधल्या खुर्चीवर बसून कळत होतं. तरी मी लिहिलं. लिहिताना किती बरं वाटलं तेही सांगतो. दोन दिवस गुडघा दुखला नाही.

आता मार्तंडचं ऐक. परतीच्या बसमध्ये इंदूरपर्यंत तो नुसता पट्टा गुंडाळत आणि सोडत बसला. मग म्हणाला, "काका, सच सांगा. खाली ठेव म्हणून कोणी म्हणालं का? मला आवाज आला." मी म्हणालो, "कुणी नाही म्हणालं. तुझे कान वाजले." तो "बरं" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. माझ्यासाठी जागा ठेवली होती खिडकीची, ती मीच त्याला दिली होती. मला उलटी होते ना, तरी दिली.

त्यानंतर तालमीत त्याने नवाच प्रकार सुरू केला. वजन उचलतो, सरळ होतो, मी "शाब्बास" म्हणतो, तरी हा ठेवत नाही. मान वळवून माझ्या तोंडाकडे बघतो. मी पुन्हा म्हणतो. मग दुसऱ्या कुणाला विचारतो, "बोले क्या?" पोरं हसायला लागली. पाच वर्षं ज्याने माझ्या एका शब्दावर वजन उचललं आणि ठेवलं, त्याला आता तो शब्द ऐकू आला की नाही याची खात्री नाही. दिवाळीनंतर तर येणंच बंद. एक दिवस इंदूरला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवून आला! डॉक्टरने घड्याळ कानाशी धरलं, चिमटे वाजवले, आणि सांगितलं की कान ठणठणीत आहेत. आता कुणालाही वाटेल की पोराला आनंद व्हावा. हा येऊन मला म्हणतो, "काका, कान चांगले आहेत. म्हणजे खोट मनात आहे. ऐन वेळेला माझं मन घाबरतं आणि खोटंच काहीतरी ऐकतं. अब नहीं होगा मुझसे." जानेवारीत इंदूरला निवड आहे, त्यासाठी नावं पंचवीस तारखेपर्यंत पाठवायची आहेत. म्हणतो, माझं नाव घालू नका. तंगाचा पट्टा धुऊन, घडी करून परत दिला. धुतलेलं चामडं आखडतं हे त्याला कुणी सांगितलं नाही वाटतं.

शशिकला पोळ्या करत होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, एक बोलू? तुम्ही इथून पाणी मागता तर समोरच्या घरातली बाई तांब्या घेऊन येते. त्या दिवशी तुम्ही हॉलमध्ये गप्प बसला होतात, हे मला नाही पटत."

मी ताटावरून उठलो. तिला वाटेल तसं बोललो. तिने ताट झाकून ठेवलं.

कृष्णा, मी गप्प बसलो नव्हतो.

तिसऱ्या मोजणीला माझ्याच तोंडून गेलं. "शाब्बास." मोठ्याने गेलं, जसं तालमीत जातं तसं. पोराने छताकडे बघत असताना, त्या सगळ्या गोंगाटातून, पाच वर्षांचा ओळखीचा तो एक आवाज ऐकला आणि शिकवलं होतं तसं वजन खाली ठेवलं. त्याचं काही चुकलं नाही. कानाचं नाही, मनाचं नाही. असा शिष्य कुणाला मिळत नाही, आणि मी त्याला सांगितलं की तुझे कान वाजले.

का गेलं तोंडून? मी अडीच महिने स्वतःला विचारतो आहे. भीती वाटली म्हणून, असं आधी वाटायचं. मांडी थरथरत होती, पाठ मोडेल असं वाटलं. ते आहेच, मला कशाचीही भीती वाटते. पण ते तेवढंच नाही. मला आनंद झाला, कृष्णा. दोनशे वीस किलो माझ्या पोराच्या हातात होते, आणि मला शब्द धरून ठेवता आला नाही. आयुष्यभर त्या शब्दाची कंजुषी केली, आणि एकदा मोकळा झालो तो नेमका तिथे.

आता मला ज्याचा खरा राग आहे ते लिहितो. तू ऐकलंस. नाही म्हणू नकोस. बार खाली आदळला त्याच्या आधी तू मान वळवलीस आणि थेट माझ्याकडे पाहिलंस, आणि मग लाल झेंडा उचललास. तुला तो शब्द ओळखता येणार नाही तर कुणाला? संघटनेने तुझ्याकडून खुलासा मागवला, त्याची नक्कल मला आली. शशिकलाकडून वाचून घेतली, हिंदी माझी कच्ची. एकच ओळ होती. खिलाड़ी ने संकेत से पूर्व बार नीचे रखा. माझं नाव नाही, कुणी ओरडलं हे नाही, काही नाही. एक वाक्य जास्त लिहिलं असतंस तर मी तोंडावर आपटलो असतो आणि तुझं पंचपद राहिलं असतं. तू लिहिलं नाहीस. का? म्हातारा आहे, सोडून द्या, असं वाटलं? मी तुझ्याहून चार महिन्यांनी लहान आहे! कुणी मागितला होता हा उपकार? तुझ्या गप्प बसण्याने मला वाचवलं आणि त्या पोराला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यात अर्धा वाटा तुझाही आहे, हे मी तुझ्या तोंडावर सांगेन.

म्हणून तोंडावर ये.

संघटनेला तक्रार मागे घेतल्याचं पत्र शशिकलाने हिंदीत लिहून दिलं आहे, त्यात काय झालं ते सगळं आहे. सही मी केली. हे पाकीट आणि ते पाकीट एकाच वेळी पेटीत टाकतो, म्हणजे मला एक टाकून दुसरं ठेवून घेता येणार नाही. तिकीट कमी पडलं तर तुला दंड बसेल, तो देऊन टाक, पत्र परत पाठवू नकोस.

पण मार्तंडला एकट्याने सांगायची माझी छाती नाही. दोनदा डेपोपर्यंत जाऊन आलो. पहिल्यांदा तो बसखाली होता, नुसते पाय दिसत होते. म्हटलं पायांना काय सांगायचं. दुसऱ्यांदा तो बाहेर आला आणि "काका, चहा?" म्हणाला. मी चहा पिऊन परत आलो. तर पुढच्या रविवारी, एकोणीस तारखेला, तू तालमीत ये. तुझ्यासमोर मी त्याला सांगेन. तू असलास की मला खोटं बोलता येणार नाही, कधीच आलं नाही. मग तो आस जमिनीवर ठेवू, तू समोर खुर्चीवर बस, आणि हात वर कर. तुला पाहिजे तेवढा वेळ घे. मी तोंडात उपरणं कोंबून बसेन. तो ऐकेल तो शब्द तुझा असू दे, म्हणजे त्याला कळेल की कान शाबूत आहेत. त्याला माझ्यावर ओरडायचं असेल तर तेही तुझ्यासमोर ओरडेल. ओरडला तर बरं होईल.

सकाळची पहिली बस धरलीस तर दहापर्यंत येशील. शशिकला वांग्याची भाजी करणार आहे, भैयासाहेबांची आठवण म्हणून. येणार असशील तर कळव, नसशील तर तेही कळव, पण लवकर कळव, कृष्णा. अडीच महिने मी हे उचलून उभा आहे आणि आता माझी मांडी थरथरते. तू सांगितल्याशिवाय खाली ठेवणार नाही.

तुझा,
गण्या