पाचही पिल्लं खायला लागली

१२ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

तुम्ही सगळे मजेत असाल. मी बरी आहे. खरंच बरी आहे.

तुझं पत्र पोचलं, पण उत्तराला उसंत मिळाली नाही. आमच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाखाली, भुरी कुत्री व्यायली. पाच पिल्लं. तीन आठवडे ठीक गेले, मग तिच्या सडांना सूज आली, ताप चढला. पिल्लं जवळ गेली की गुरगुरायची. मालक म्हणाले, "पोत्यात घालून बाजारात सोडून ये. सख्खी आई पाजत नाही, तिथे आपण कोण?"

"ती आजारी आहे. पिल्लं कुठेही जाणार नाहीत," मी म्हटलं. आवाज इतका चढला की माझं मलाच नवल वाटलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी भुरीला इंजेक्शनं दिली आणि मला कामाला लावलं. कुत्र्यांचं कोरडं खाणं गरम पाण्यात भिजवून पेजेसारखं पातळ करायचं, पसरट ताटलीत, दिवसातून चार वेळा. गाईचं दूध अजिबात नाही. पहिल्या दिवशी चौघं ताटलीतच उभी राहिली, कानापर्यंत बरबटली. पाचवं, मुठीएवढं, तोंडच लावेना. त्याला बोटावर चाटवलं. चौथ्या दिवशी त्यानं माझं बोट सोडून ताटलीत तोंड घातलं, आणि मी फरशीवर बसून रडले. मग रोज थोडं थोडं पाणी कमी केलं. आता दाणे कुडुमकुडुम फोडतात.

ताप उतरल्यावर भुरी आपणहून आली, एकेकाला चाटत बसली. पिल्लांनी तिला काही विचारलं नाही.

ताई, तू लिहिलंस, "छकुलीला इथली सवय झालीय, तू तिचा विचार सोड." ती झाली तेव्हा मी तिला उचलूनही घेत नव्हते. ती रडायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. तू नेलीस म्हणून ती वाढली. तुझे उपकार सात जन्मांत फिटायचे नाहीत. पण 'हिला आईपण जमलं नाही' हे दोन वर्षं मी मान खाली घालून ऐकलं. आता नाही ऐकणार.

रविवारी येतेय. विचारत नाही, कळवतेय. महिन्याची रजा काढलीय. आधी तुझ्याकडेच राहीन, तिला माझ्या हातून जेवायची सवय होऊ दे, मग घेऊन निघेन. तू दार अडवलंस तर पायरीवर बसेन, पण परत फिरणार नाही. ती तुलाच आई म्हणत असेल, तर म्हणू दे. मला काही वेगळं म्हणेल.

तुझी धाकटी,
छकुलीची आई